माळावर झाडी होती की नव्हती

९ मार्च, रविवार

वही मिळून दीड महिना झाला आणि पहिलं पान आज लिहितोय. उशीर झाला, माफी असावी. माफी कुणाची मागायची ते नक्की सांगता येत नाही. वही मृणालताईंनी दिली, तर त्यांचीच म्हणायची. पुण्याहून आल्या होत्या, गावच्या माळावरची झाडं मोजायला. जानेवारीत अकरा दिवस आमच्याकडं मुक्काम. सूनबाई सुमनच्या हातची भाकरी बांधून घेऊन रोज सकाळी दोऱ्या, खुंट्या, टेप घेऊन माळावर. मी मागं मागं. विचारायच्या, "आबा, या माळावर झाडं एवढी कमी का?" अकरा दिवसांत मी अकरा उत्तरं दिली असतील. जाताना म्हणाल्या, "माळावर जे दिसेल ते लिहून ठेवा. चूक-बरोबर बघू नका."

शाळा चौथीपर्यंत. चूक-बरोबर बघायचं नाही असं कुठल्या गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

गुडघा दुखतो. बाकी उद्या.

१० मार्च

वही का उघडली नाही ते लिहूनच टाकतो.

ताई गेल्या आणि तिसऱ्या दिवशी २६ जानेवारीची ग्रामसभा. तालुक्याहून एक साहेब आलेले. गायरानात, म्हणजे त्याच माळावर, झाडं लावायची. चर खणायचे, तारेचं कुंपण घालायचं, पाच वर्षं जनावराचा पाय आत नाही. साहेबांनी विचारलं, इथं पूर्वी झाडी होती का, जुनं माणूस कोण आहे? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला पुढं बोलावून खुर्ची दिली. ग्रामसभेत मी आजवर भिंतीला टेकून बसलेला माणूस.

बोललो. "लई दाट झाडी होती. आत शिरलं की गाव दिसत न्हवतं. शेरडा-मेंढरांनी खाऊन खलास केली." ग्रामसेवकानं लिहून घेतलं, मी सही केली. टाळ्या झाल्या.

माझा मुलगा भागवत मागं उभा होता. त्याची साठ शेरडं-मेंढरं त्याच माळावर चरतात. दुसरी जागा नाही. टाळ्या थांबल्यावर मागं बघितलं तर तो गेला होता.

ठराव १ मेच्या सभेत पक्का होणार आहे.

१४ मार्च, धुळवड

भागवत आज बोलला. दीड महिन्यात "जेवलात का" याच्यापुढं गेला नव्हता.

"आबा, शेरडांनी झाडी खाल्ली म्हनून सांगितलंत. कुनाची शेरडं व्हती ती?"

आपलीच होती. माझी, माझ्या वडलांची. दुसऱ्या कुणाकडं एवढा कळप नव्हता.

"मग तुमी खाल्ली म्हना की झाडी. माझ्यावर कशाला ढकलता."

सुमन म्हणाली, "जेवू द्या की त्यान्ला." तो उठला. यापाऱ्याला सांगून ठेवलंय म्हणे. ठराव झाला की गाडी येऊन कळप घेऊन जाईल. मग हा काय करणार? एमआयडीसीत रखवालदारी, म्हणाला. चाळीस वर्षांचा माणूस, मेंढराशिवाय दुसरं काही येत नाही त्याला. मला तरी काय येत होतं.

पोळी गोड लागली नाही.

१५ मार्च

रात्रभर तेच. झाडी होती का?

गाव दिसत नव्हतं हे खरं. अगदी खरं. सहा-सात वर्षांचा असेन. माळावर मेंढरांमागं चाललोय आणि गाव दिसत नाही म्हणून रडू येतंय. सावली पण आठवते.

पण झाड एकही आठवत नाही. झाडाचं नाव, बुंधा, चढलो, पडलो, काही नाही.

१७ मार्च

माळाला आग लागली. दुपारी. कुणाची विडी, कुणाचं काय, माहीत नाही. भागवतनं पहिलं मलाच विचारलं.

"आबा, तुमी तर न्हाय ना?"

"न्हाय."

"न्हाय, तुमच्यात पेटवायची चाल व्हती म्हनून इचारलं."

तुमच्यात म्हणाला. जसं काही त्याच्यात नाही. चाल होती खरी. शिमगा झाला की वडील माळाला काडी लावायचे. वाळलेल्या कुसळाचं टोक मेंढराच्या तोंडात, कातड्यात घुसतं. ते जळून गेलं की पावसाबरोबर कोवळं गवत. काडी लावायच्या आधी चारी बाजूंना नारळाचं पाणी शिंपडायचे. वडील गेल्यावर मी पण लावत होतो. वीसेक वर्षं झाली बंद करून.

हे मी सभेत सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

मग झाडं शेरडांनी खाल्ली की आमच्या काडीनं गेली?

१८ मार्च

काठी घेऊन जळलेलं बघून आलो. जाताना दोनदा बसलो.

आग ओढ्याच्या बाजूनं आली. तिकडं कळप जात नाही, गवत गुडघ्याच्या वर होतं. सगळं काळं. एक हिवर, बाभळीसारखंच काटेरी झाड, चांगला पुरुषभर वाढलेला, पार भाजला. पण अलीकडं, जिथं भागवतची मेंढरं रोज चरतात, तिथं येऊन आग थांबली. जाळायला गवतच नाही. तिथली बाभळीची चार रोपं जशीच्या तशी. शेंडे मात्र शेरडांनी कुरतडलेले.

म्हणजे शेरडं झाड खातात. मेंढरं गवत खातात, म्हणून आग येत नाही, म्हणून झाड वाचतं. मग ते शेरडू खातं.

लिहून तीनदा वाचलं. डोकं दुखायला लागलं.

२१ मार्च

ताईंना फोन लावला. बंद. सुमननं मोबाईलवर निरोप लिहून पाठवला. एकच खूण आली आहे, दुसरी खूण आली म्हणजे पोचला असं ती म्हणते. कुठंतरी दूरच्या जंगलात काम करतायत, तिथं रेंज नसेल.

२२ मार्च

दुसरी खूण नाही.

२४ मार्च

हणमंता आला होता. बरोबरीचा. लहानपणी दोघं एकत्र माळावर. नंतर तो शेतीत राहिला, मी मेंढरांत. तुळजापूरला जाऊन आला, कुंकू-प्रसाद दिला. मी सरळ विचारलं, माळावर झाडी होती का रे?

"कसली झाडी?"

"दाट. गाव दिसत न्हवतं."

हसायला लागला. ठसका लागेपर्यंत हसला. "आरं, गाव कसं दिसंल? तू केवढा व्हतास? गवत तुझ्या डोक्याच्या वर व्हतं. तुझी टोपी तेवढी हलायची गवतातनं, अन् तुझा बाप टोपी बघून हाक मारायचा."

मी म्हणालो, सावली आठवते मला. म्हणाला, "घोंगड्याची आसंल. काठ्या रोवून वर घोंगडं टाकायचा की तुझा बाप."

सुमनला मोठ्यांदा म्हणाला, "सूनबाई, तुमच्या सासऱ्यानं गवताची झाडं केली गं. साहेबानं बी टाळ्या वाजीवल्या." सुमन तोंडाला पदर लावून आत गेली. हसली असणार. हसू दे.

तो गेल्यावर मात्र मनात आलं. गवतच असेल तर मी खोटी सही केली. पण हणमंताचं तरी खरं कशावरून? त्याला परवाचं आठवत नाही. प्रसादाची पुडी दोनदा दिली मला.

३० मार्च, पाडवा

गुढी भागवतनं उभारली. कडुनिंबाचा डहाळा हवा होता तर माळावर नाही मिळाला, शाळेजवळून आणला. तेवढ्यावरून मला वाटलं, बघा, निंबसुद्धा नाही माळावर. मग वाटलं, निंब होता कधी? होता. एक होता. तोडला. मीच तोडला, वाघरीच्या खुंट्यांसाठी. वाघर म्हणजे आमच्या मेंढरांभोवती लावायची जाळी.

आता कुऱ्हाड पण आली यात.

खाल्लेलं, जळलेलं, तोडलेलं. आणि मुळात उगवलंच नाही ते वेगळं.

२ एप्रिल

आज ठरवलं, आठवणीवर जायचं नाही. डोळ्यांनी बघायचं. ताई पण तेच म्हणायच्या.

माळावर जिथं जिथं थोडी झाडं एकत्र आहेत ती ठिकाणं फिरलो. तीन ठिकाणं. एका ठिकाणी पोचल्यावर पाय थांबले. आमचा जुना तळ. म्हणजे मेंढरं-शेरडं मुक्कामाला बसायची ती जागा. बाभळी आणि हिवर गोल उभे आहेत, मधे मोकळं. वाघर जेवढी लागायची साधारण तेवढाच गोल.

उन्हाळ्यात शेरडं बाभळीच्या शेंगा खातात. मुक्कामाला बसली की रवंथ करताना बिया थुंकतात. सकाळी झाडताना आई शिव्या द्यायची, टाचेला टोचतात म्हणून. त्या बिया, वरून लेंड्यांचं खत. झाडं आमच्या शेरडांनीच लावली की.

पळत जाऊन भागवतला सांगावं वाटलं. पळता येत नाही ते बरं. कारण पुढं गेलो तर दुसरा जुना तळ. तिथं काहीच नाही. मुरूम आणि तरवडाची झुडपं. आणि बाकीच्या दोन ठिकाणी झाडं आहेत, पण तिथं आमचा तळ कधीच नव्हता.

३ एप्रिल

दोन्ही पाय सुजले. सुमननं मीठ-पाण्यात ठेवायला लावले. "कशाला जाता मामंजी, ठराव व्हायचा तर व्हईल." तिला वाटतं मला मन रमवायला काहीतरी हवं म्हणून जातो.

५ एप्रिल

भागवतची सासुरवाडी तेरची, नदीकाठचं गाव. त्याचा मेव्हणा आला होता. त्याला विचारलं, तुमच्याकडं नदीकाठी झाडं मोठी आहेत ना? म्हणाला, आहेत. शेरडं आहेत का? "शेरडं कुठं न्हाईत आबा." मग खात नाहीत का? म्हणाला, "काळी माती हाय, पानी हाय. शेरडू एक फांदी खाईपर्यंत झाड दोन काढतं."

हे बरं सांगितलं. मग आमच्याकडं मातीच नाही, दोन वीत खणलं की मुरूम, हेच खरं कारण धरायचं का? तसं असेल तर साहेब लावणार ती झाडं तरी कशी जगतील?

मेव्हणा भागवतला हळूच विचारत होता, आबांची तब्येत बरी आहे ना.

८ एप्रिल

टेकडीच्या पलीकडं जुनं कुंपण आहे. फार वर्षांपूर्वी कुणीतरी असंच झाडं लावायला घातलेलं. तार गेली, खांब राहिले. आत खड्ड्यांच्या ओळी, खड्ड्यांत झाडं नाहीत. आठवतंय मला, दोन-तीन वर्षं आत जनावर सोडलं नाही, गवत कमरेएवढं झालं, आणि एका उन्हाळ्यात असं पेटलं की गावातली माणसं बघायला गेली होती. रोपं सगळी गेली.

फक्त ओढ्याला लागून सहा-सात उभी आहेत. चांगली वाढलीत. त्यांच्याखाली गवत नाही, मेंढराला खायला काही नाही. पण सावली आहे. बसलो तिथं तासभर. बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं.

१२ एप्रिल

जळलेल्या भागात गेलो. पंचवीस-सव्वीस दिवस झाले. पाऊस नाही, एक थेंब नाही, आणि बोराटीला हिरवे कोंब. पार राख झालेलं झुडूप, बुडातून फुटलंय. मेलं असं मी १८ मार्चला समजलो होतो. हिवरही बुडातून फुटलाय.

१५ एप्रिल

भागवत माळावर असताना मी कुदळ घेऊन गेलो. बोराटीचं एक झुडूप खणायचं होतं. गुडघ्याएवढं झुडूप. पाच घाव घातले आणि दम लागला. तो लांबून बघत होता. मग आला, माझ्या हातातून कुदळ घेतली.

खाली मूळ माझ्या मांडीएवढं. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. आणखी खणलं, तर तसंच खाली मुरमाच्या भेगेत गेलेलं.

"हे तर माझ्याहून म्हातारं दिसतंय," तो म्हणाला.

"माझ्याहून बी आसंल."

"मंजी तुमच्या बापाच्या शेरडांनी बी खाल्लं."

"खाल्लं. अन् जाळलं बी."

"अन् मेलं न्हाय."

"न्हाय. पन वर बी आलं न्हाय."

त्यानं माती परत लोटली, पायानं दाबली. मग म्हणाला, "आबा, मग तुमी सभेत काय सांगितलंत?"

मी कुदळ उचलली. त्यानं रागानं विचारलं नव्हतं.

१६ एप्रिल

कालचं डोक्यातून जात नाही. ताई छातीच्या उंचीवर टेप लावून मोजायच्या. त्याच्याखालचं त्यांच्या कागदात बसत नव्हतं बहुतेक. मग ही गुडघ्याएवढी म्हातारी झाडं कशात धरली? माळावर अशी हजार असतील. ही धरली तर माळावर झाडी आहे. नाही धरली तर उघडा माळ. कोणी न खाता, न जाळता पाच वर्षं सोडली तर यांतली काही वर येतील का? येतील असं वाटतं. मग साहेबांचं कुंपण बरोबर. पण गवत वाढून पेटलं तर? मग नाही.

आणि वर आली, सगळी आली, तर खाली गवत राहील का? मेंढरं कुठं जातील? माळावरचे लांडगे कुठं जातील?

माझं वय काय, मी काय विचार करत बसलोय.

२० एप्रिल

शेरडं वळायला भागवतबरोबर गेलो. बसून राहिलो नुसता. एक शेरडी मागच्या पायांवर उभी राहून बाभळीची फांदी ओढत होती. भागवतनं दगड मारला. पूर्वी मारत नव्हता. मी विचारलं का मारलास, तर म्हणाला, "बघतात आता लोक."

ती माझ्यामुळं दगड खाल्लेली शेरडी.

२३ एप्रिल

ताईंकडून काही नाही. एकच खूण. सुमननं आणखी एकदा पाठवून बघितलं.

२६ एप्रिल

ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक चांगला माणूस आहे, बसायला सांगितलं, चहा मागवला. मी म्हणालो, माझं म्हणणं बदलायचंय.

"बदला की आबा. काय लिहू? झाडी नव्हती?"

"न्हवती असं न्हाय."

"मग होती?"

"व्हती. पन जमिनीखाली."

पेन खाली ठेवलं त्यानं. मी सगळं सांगितलं. गवत, आग, मूळ, तळ, मुरूम, जुनं कुंपण. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "आबा, ठरावात एक ओळ लागते. झाडी होती, किंवा नव्हती. शेरडांनी गेली, किंवा नाही गेली. तुम्ही एक सांगा, मी तशी लिहितो. गुरुवारी सभेत उभं राहून वाचून दाखवा."

"दोन्ही लिहा."

"दोन्ही लिहिलं की साहेब पहिलीच ओळ धरतील."

पहिली ओळ म्हणजे माझी जुनी. तीच राहिली तर भागवतचा कळप गेला. "झाडी नव्हती, शेरडांनी खाल्ली नाही" एवढं सांगितलं तर कळप राहील. सोपं आहे. सही करायला एक मिनिट लागलं असतं. पण शेरडांनी खाल्ली आहे. रोज खातात, माझ्या डोळ्यांदेखत. एकदा न बघता सही केली. आता बघून कशी करू?

पेन हातात घेतलं होतं. परत दिलं.

२७ एप्रिल

भागवतला सांगितलं पंचायतीत काय झालं ते. वाटलं चिडेल. पाणी प्यायला, म्हणाला, "मंजी सई केली न्हाय."

"न्हाय."

"एका ओळीसाठी."

"व्हय."

यापाऱ्याचा फोन आला होता त्याला. शुक्रवारी गाडी पाठवू का विचारत होता. यानं सांगितलं, गुरुवारी संध्याकाळी कळवतो. माझ्या समोर बोलला, मुद्दाम. मग म्हणाला, "ताईन्ला इचारा. त्यांनी मोजलंय. तुमी नुसतं बघितलंय."

पहिल्यांदाच त्यानं ताईंचं नाव चांगल्या तोंडानं घेतलं.

२८ एप्रिल, सोमवार

मृणालताई, आजचं पान तुम्हाला. वही माझ्यासाठी लिहिली होती, चुका फार आहेत, काही ठिकाणी घरचंही आलं आहे. सुमन सगळ्या पानांचे फोटो काढून पाठवते आहे. कुठंतरी रेंजमध्ये याल तेव्हा पोचतील.

तुम्ही अकरा दिवस विचारत होता तेव्हा मी अकरा तऱ्हेचं बोललो, तुम्ही सगळं लिहून घेतलं, हसला नाहीत. त्यातलं खरं कुठलं ते मला अजून कळत नाही. तुमच्या दोऱ्यांत, खुंट्यांत काय निघालं ते तुम्हाला माहीत. गुडघ्याएवढ्या म्हाताऱ्या झाडांना तुम्ही झाड धरलं की नाही, तेवढं सांगा. आणि कुंपण घातलं तर काय होईल, न घातलं तर काय होईल, जे मोजण्यात आलं असेल ते सांगा. मी ते सभेत वाचून दाखवीन, कितीही लांब असलं तरी. ग्रामसेवक एक ओळ म्हणाला तर म्हणू दे.

शेरडांमुळंच झाडं गेली असं तुमच्या कागदात असेल तर तेही सांगा. लपवू नका. तेही मी वाचीन. भागवतला आज तसं सांगितलं आहे. ऐकून तो जित्राबं घेऊन गेला.

सभा गुरुवारी सकाळी नऊला आहे. माझा फोन लागत नाही, सुमनचा लागतो. बुधवारी संध्याकाळपर्यंत निरोप आला तर फार बरं. दोनच शब्द असले तरी चालतील, पण पाठवा.